मिलिग्रॅमचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सागरी सायनोबॅक्टेरियातून, म्हणजे समुद्रातल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंतून, औषधी गुणाचे रेणू काढायचेत, त्यांच्या पुंजक्यांची जागाही हेरून ठेवली आहे, आणि आधी कुठली चाचणी लावू असं विचारलं आहेस. चाचणीचं नंतर बघू. आधी कागदावर एक साधं गणित मांड.

२०० ग्रॅम ओला पुंजका हाती आला असं धर. त्यात बरंचसं पाणी, मीठ, वाळू आणि तंतूंभोवतीचं बुळबुळीत आवरण. अर्क निघेल फार तर एक-दीड ग्रॅम. कॉलमवर अर्काचे घटक वेगळे केल्यावर कामाचा वाटा, म्हणजे फ्रॅक्शन, उरेल पन्नासेक मिलिग्रॅमचं. त्यातून एक-दोन मिलिग्रॅम शुद्ध संयुग निघालं तरी नशीब म्हणायचं. रचना ओळखायचं एनएमआर, वस्तुमान, अमिनो आम्लांची दिशा (एल की डी), पेशींवरच्या चाचण्या हे सगळं त्या एक-दोन मिलिग्रॅमवर भागवायचं असतं. शिवाय एखाद्या वादळात जागा धुऊन निघाली की तोच पुंजका पुन्हा मिळेल याची हमी नाही. म्हणून कुठला मिलिग्रॅम खर्चायचा आणि कुठला झाकून ठेवायचा, एवढंच या पत्रात लिहितो आहे.

हा हिशेब किती तंग असतो ते डोलास्टॅटिन १० या कर्करोगपेशींवर चालणाऱ्या संयुगावरून समजतं. जॉर्ज पेटिट यांच्या गटाने ते मॉरिशसजवळच्या डोलाबेला ऑरिक्युलारिया या समुद्रसशातून, म्हणजे गोगलगाईच्या जातीतल्या प्राण्यातून, काढलं, रचना १९८७ मध्ये छापून आली. टनभर ओल्या प्राण्यांतून मिळालेला माल मिलिग्रॅममध्येच मोजावा लागला. २००१ मध्ये पलाऊ इथल्या सिम्प्लोका या सायनोबॅक्टेरियातून तेच संयुग थेट मिळालं, तेव्हा कळलं की समुद्रससा नुसता चरत होता, कारखाना दुसऱ्याचाच होता. पुढे हे संयुग एकट्याने दुसऱ्या टप्प्यातल्या मानवी चाचण्यांत कमी पडलं. मग त्याच्यावरून बेतलेला एमएमएई हा कृत्रिम रेणू प्रतिपिंडाला बांधला गेला आणि २०११ मध्ये हॉजकिन लिम्फोमासाठी ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन मंजूर झालं. २०१९ मध्ये मंजूर झालेली पोलाटुझुमॅब व्हेडोटिन आणि एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हीसुद्धा तोच एमएमएई वाहून नेतात. तेव्हा समुद्रातून जे मिळतं तो नकाशा असतो, गोळी नव्हे. सागरी सायनोबॅक्टेरियातला रेणू जसाच्या तसा औषध म्हणून बाजारात आलेला नाही, हे प्रकल्प-प्रस्ताव लिहिताना विसरू नकोस.

आता गोळा करण्याचं. परवानगी आधी, पोहणं नंतर. नागोया प्रोटोकॉल १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. ज्या देशाच्या किनाऱ्यावरचा नमुना, त्या देशाची लेखी संमती नसेल तर पुढचं सगळं काम छापता येत नाही आणि विकताही येत नाही. कागद हातात आल्यावरच पाण्यात उतर.

निळ्या-हिरव्या रंगाच्या शोधात राहू नकोस. फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यामुळे यातले कामाचे कितीतरी पुंजके लालसर, तपकिरी, कधी जांभळट-काळे दिसतात. मूरेना या सायनोबॅक्टेरियाचे तंतू ओल्या केसांच्या बटेसारखे समुद्रगवताला किंवा खारफुटीच्या मुळांना लोंबतात. सिम्प्लोका मात्र बारीक उभ्या शेंड्यांसारखी वाढते. हातमोजे घालच. लिंग्बियाटॉक्सिन ए आणि डिब्रोमोॲप्लिसियाटॉक्सिन या त्यांच्या विषांमुळे कातडीवर फोड येतात. पोहणाऱ्यांना होणारी खाज काही वेळा यांचीच करामत असते. पुंजका पाण्यातच झिपच्या पिशवीत घे. हवेत उचलला की तंतू आणि सोबतचे किडे, कोळंब्या, वाळू सगळं एकात एक गुंतून बसतं.

किनाऱ्यावर त्याचे चार वाटे कर, आणि ते तिथेच कर, प्रयोगशाळेत पोचल्यावर नाही. मोठा वाटा रसायनासाठी: समुद्राचं पाणी आणि इथेनॉल समसमान, बाटली बर्फात. दुसरा, करंगळीच्या नखाएवढा, आरएनएलेटर या टिकवणाऱ्या द्रावात, डीएनएसाठी. तिसरा गाळलेल्या समुद्रपाण्यात जिवंत, हवा खेळेल अशा झाकणाच्या फ्लास्कमध्ये आणि उन्हापासून लांब. चौथा फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याची ओळख म्हणून कायम ठेवायचा. चारही बाटल्यांवर एकच क्रमांक, जीपीएस, खोली, तारीख, पाण्याचं तापमान. पाण्याखालचा फोटो हवाच, कारण बाटलीत गेल्यावर सगळेच पुंजके चिखलासारखे दिसतात.

नवख्यांच्या हातून हमखास होणारी चूक इथली आहे. अर्क काढायच्या दिवशी ते बाटलीतलं इथेनॉल-पाणी ओतून देतात आणि नुसते तंतू घेतात. अरे, कितीतरी पेप्टाइडं आणि ध्रुवीय संयुगं एव्हाना त्या द्रावात उतरलेली असतात! तो द्राव वेगळा गाळ, इथेनॉल उडव, राहिलेलं पाणी डायक्लोरोमिथेनने दोनदा खळबळून घे आणि तो अर्क तंतूंच्या अर्काशेजारी ठेव. दोन्ही मिसळायचे की नाही हे वस्तुमान-आलेख (मास स्पेक्ट्रम) बघून ठरव.

अर्काआधी निवडणं. छोटा भाग उथळ डिशमध्ये पसरून भिंगाखाली चिमट्याने लाल शैवालाचे तुकडे, शिंपल्यांची पोरं, किडे वेचून काढ. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो. पण स्पंजाचा एक तुकडा राहून गेला तर सहा महिन्यांनी जे संयुग सापडेल ते नेमकं कोणाचं यावर भांडण होईल. गोड्या पाण्याने धुऊ नकोस, पेशी फुटतात आणि आतला माल नळात जातो. मीठ गेलं नाही तरी चालेल. मात्र उत्पादनाची टक्केवारी लिहिताना अर्क काढून झाल्यावर उरलेला चोथा वाळवून तोल, सुरुवातीचं वजन मिठाने फसवतं.

नावाबद्दल दोन शब्द. जुन्या शोधनिबंधांत ज्याला लिंग्बिया माजुस्कुला म्हटलंय त्यातलं पुष्कळसं पुढे २०१२ मध्ये मूरिया झालं, आणि ते नाव नियमात बसेना म्हणून २०१९ मध्ये मूरेना. काही भाग ओकेनियात गेला. म्हणून जुनं साहित्य शोधताना तिन्ही-चारही नावं टाक. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर नाव ठरवू नकोस, जिवाणूची ओळख पटवणारं १६ एस जनुक वाच. आवरणातली पॉलिसॅकराइडं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतात. जेलवर बँड आला नाही की डीएनए दहापट पातळ करून बघ, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. त्या आवरणात इतर जिवाणूंची वस्ती असते, म्हणून फक्त सायनोबॅक्टेरियाच्याच डीएनएला चिकटणारे प्रायमर वापर. सीवायए १०६ एफ आणि ७८१ आर ही जोडी रुळलेली आहे.

अर्क. डायक्लोरोमिथेन दोन भाग, मिथेनॉल एक भाग. तंतू बुडतील एवढं ओत, वीस-तीस मिनिटं ठेव, हलकी ऊब चालेल पण ४० अंशांच्या खाली. गाळ, परत ओत. पाच-सहा वेळा, द्राव फिकट होईपर्यंत. पहिला अर्क गडद हिरवा येतो, तिसऱ्याला पोपटी, शेवटचा जवळजवळ पाण्यासारखा. सगळे एकत्र करून रोटाव्हॅपरवर ४० अंशांखाली आटव. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. साध्या नायट्राइल हातमोज्यांतून डायक्लोरोमिथेन काही मिनिटांत पार होतं, म्हणून सांडलं की हातमोजा लगेच बदल. प्लॅस्टिकची नळी, पिपेट, झाकण यांना या द्रावणाचा स्पर्श होऊ देऊ नकोस. काच आणि टेफ्लॉन, बस. नाहीतर वस्तुमान-आलेखात ३९१.२८ ला एक देखणं शिखर येईल, १४९.०२ ला त्याचा तुकडा दिसेल आणि तुला वाटेल काहीतरी सापडलं. ते थॅलेट असतं, प्लॅस्टिक मऊ करायचं. ३३८.३४ ला एरुसामाइड, तेही प्लॅस्टिकचंच. ४४-४४ च्या अंतराने शिड्या दिसल्या तर पॉलिइथिलीन ग्लायकोल. म्हणून नमुन्याबरोबर रिकाम्या बाटलीचा ब्लँकही सगळ्या पायऱ्यांतून ने. हा ब्लँक वाचवण्याची काटकसर करू नकोस.

क्रूड, म्हणजे हा आटवलेला कच्चा अर्क, हातात आलं की लगेच वाटणी. एक ग्रॅम असेल तर ५० मिलिग्रॅम नायट्रोजनखाली उणे २० ला बंद, त्या बाटलीला अडचण आल्याशिवाय हात लावायचा नाही. १ मिलिग्रॅम वस्तुमानासाठी, १० मिलिग्रॅम चाचण्यांसाठी. बाकीचं कॉलमला.

कॉलम म्हणजे इथे सिलिकाचा व्हॅक्यूम कॉलम, एका ग्रॅमला २०-३० ग्रॅम सिलिका. हेक्झेनने सुरू कर, इथाइल ॲसिटेट १०, २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के असं चढव, मग इथाइल ॲसिटेटमध्ये २५ टक्के मिथेनॉल, शेवटी निव्वळ मिथेनॉल. नऊ फ्रॅक्शनं. पहिल्या दोन-तीनांत कॅरोटीन, मेद, क्लोरोफिलची पडझड. लिपोपेप्टाइडं बहुधा ८० टक्क्यांपासून २५ टक्के मिथेनॉलपर्यंतच्या पट्ट्यात उतरतात. शेवटच्यात मीठ आणि साखरा.

आता नऊ वजनांची बेरीज कर. घातलेल्याच्या ८५ ते १०० टक्के आली तर ठीक. ६० टक्के आली तर माल सिलिकावर अडकला किंवा मोडला, कारण सिलिका आम्लधर्मी असते आणि नाजूक रेणू तिच्यावर पाण्याचा रेणू गमावून रूप बदलतात. अशा वेळी राखीव ५० मधले १० काढून सी-१८ काडतुसावर, म्हणजे मेदासारखा थर चढवलेल्या सिलिकावर, बघ. ११० टक्के आली तर खूश होऊ नकोस. द्रावक पूर्ण उडालेलं नाही, नाहीतर मिथेनॉलबरोबर सिलिकाची भुकटी खाली आली.

यानंतर बहुतेक जण पेशींकडे धावतात. माझं मत वेगळं आहे: आधी वस्तुमान-आलेख. मायक्रोग्रॅमभर माल लागतो आणि जुन्याच गोष्टींवर जाणारे महिने वाचतात. नऊही फ्रॅक्शनं एलसी-एमएस/एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं आणि त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) चालव, जीएनपीएस या ऑनलाइन साधनावर सारख्या आलेखांचं जाळं बांध, साम्याचा आकडा कोसाइन ०.७ आणि किमान सहा जुळणारे तुकडे ही सुरुवातीची सेटिंग ठीक. सायनोमेटडीबी आणि एनपी ॲटलस या ज्ञात संयुगांच्या संग्रहांत वस्तुमान शोध.

एक शिखर जवळून वाचू. समज ७८५.४९९४ ला ठळक आयन आहे. शेजारी ८०७.४८ दिसतं. नवखा लिहितो, दोन संयुगं. फरक काढ: २१.९८. म्हणजे एका प्रोटॉनच्या जागी सोडियम आलं आहे, संयुग एकच. सी ४२, एच ६८, एन ६, ओ ६, एस १ या सूत्राला हे बसतं, आणि हे सूत्र डोलास्टॅटिन १० चं. पण सूत्र जुळलं म्हणजे रेणू जुळला असं नाही. एमएस/एमएस उघड. १००.११२१ ला तुकडा दिसतो. डोलास्टॅटिन १० च्या टोकाला डायमिथाइलव्हॅलिन असतं, त्याचा इमोनियम आयन, म्हणजे त्या अमिनो आम्लाचा सुटा तुकडा, नेमका इथे येतो. छान. पण थांब, एन-मिथाइल ल्युसिनचाही इमोनियम इथेच येतो, दोघांचं सूत्र एक. तसंच ८६.०९६४ हा ल्युसिनचा आणि एन-मिथाइल व्हॅलिनचाही. हे आयन 'आहे' एवढं सांगतात, 'कोण' ते सांगत नाहीत. आता शेजारच्या फ्रॅक्शनमध्ये ७९९.५१५ ला आयन सापडला, आणि त्यात १००.११ च्या जागी ११४.१२७७ आला, तर १४.०१६ ची भर म्हणजे एक सीएच-२ टोकाच्या अमिनो आम्लातच पडली आहे. सिम्प्लोस्टॅटिन १ असाच आहे, व्हॅलिनच्या जागी आयसोल्युसिन. पूर्ण वस्तुमान आणि तुकडा दोन्ही एकाच अंतराने सरकले की बदल कुठे आहे ते कळतं, नुसतं वस्तुमान सरकलं तर काहीच कळत नाही. क्लोरीन असेल तर दोनच्या अंतरावर तीनास एक, ब्रोमीन असेल तर एकास एक असं जोडशिखर येतं. तेही आधी बघ, या जिवांना हॅलोजनची हौस आहे.

मग पेशी. अर्काचा साठा डीएमएसओमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. २०० पट पातळ केला की ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि डीएमएसओ ०.५ टक्के. याच्या वर डीएमएसओ जाऊ देऊ नकोस, आणि कंट्रोल वेलमध्येही तेवढंच घाल. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे १०० मायक्रोलिटरात ३ ते ५ हजार पेशी, २४ तास बसू दे, मग नमुना, मग ४८ किंवा ७२ तास. जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते एमटीटी ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं, वेलमागे १० मायक्रोलिटर, तीन-चार तास, जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळव, ५७० नॅनोमीटरला वाच. काठाच्या वेलमध्ये नुसतं बफर भर, तिथलं पाणी उडतं आणि आकडे बिघडतात.

हे सगळे करतात. बिघडतं कुठे ते सांगतो. हिरव्या फ्रॅक्शनमध्ये फिओफोर्बाइड असतं. उजेडात ते ऑक्सिजन चेतवून पेशी मारतं. तू प्लेट बाकावर उजेडात ठेवून पिपेट करत बसशील आणि मृत्यू समुद्राच्या नावावर टाकशील. त्याच फ्रॅक्शनची एक प्लेट ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून चालव, फरक पडला तर तो रंगाचा प्रताप. दुसरं, काही संयुगं एमटीटीला स्वतःच जांभळं करतात आणि मेलेली वेलही जिवंत दिसते. पेशी नसलेली वेल, त्यात नमुना आणि एमटीटी, एवढी एक ओळ ठेव. तिसरं, मुक्त मेदाम्लं जास्त मात्रेत पेशींचे पापुद्रे फोडतात. हे औषध नव्हे, साबण आहे.

आणि मात्रा वाढवत जाताना किती पेशी जगल्या, त्या आलेखाचा आकार बघायला शीक. ट्युब्युलिन या पेशीविभाजनाला लागणाऱ्या प्रथिनावर काम करणारी संयुगं, म्हणजे डोलास्टॅटिन किंवा क्युरॅसिन ए यांची जात, ४८ तासांत आलेख शून्यावर नेत नाहीत. तीस-चाळीस टक्क्यांवर तो सपाट होतो, मात्रा शंभरपट वाढवली तरी तिथेच. पेशी विभाजनात अडकलेल्या असतात, मेलेल्या नसतात. नवखे 'अपूर्ण परिणाम' म्हणून असलं फ्रॅक्शन बाजूला टाकतात. तू सूक्ष्मदर्शक घे: गोल फुगलेल्या पेशी पुष्कळ दिसल्या तर त्या फ्रॅक्शनला सोडू नकोस.

फ्रॅक्शन पाडल्यावर परिणाम नाहीसा झाला तर लगेच 'संयुगं मिळून काम करतात' असं लिहायला घेऊ नकोस. आधी नऊ फ्रॅक्शनं मूळ प्रमाणात परत मिसळ आणि चाचणी लाव. परिणाम परतला तर मग त्या वाटेने विचार कर. परतला नाही तर माल कॉलमवर मोडला किंवा अडकला. बहुधा हेच निघतं.

शुद्धीकरण सी-१८ एचपीएलसीवर. चालत्या द्रावात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल असेल तर शिखरं रेखीव येतात, पण गोळा केलेलं फ्रॅक्शन आटवताना शेवटी आम्लच दाट होतं आणि लॅक्टोन, एस्टर तोडतं. सोबत मिथेनॉल असेल तर मुक्त आम्लगटाचा मिथाइल एस्टर होतो, आणि मग 'नवीन संयुग' सापडतं जे जिवाने कधी केलंच नव्हतं. म्हणून गोळा केलेला माल लगेच पाण्याने पातळ करून छोट्या सी-१८ काडतुसावर घे, आम्ल पाण्याबरोबर जाऊ दे, संयुग ॲसिटोनाइट्राइलने उतरव.

एनएमआरला एक मिलिग्रॅम ५ मिलिमीटरच्या नळीत ५०० मायक्रोलिटरात घालून पातळ करू नकोस. १.७ मिलिमीटरची सोय असेल तर तिकडे पाठव, ३५ मायक्रोलिटरात भागतं. क्लोरोफॉर्म-डी जुनं झालं की आम्लधर्मी होतं, ॲल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळून घे. डीएमएसओ-डी६ शक्यतो टाळ, त्यातून माल परत काढणं जिकिरीचं. प्रोटॉनच्या आलेखात प्रत्येक शिखराला छोटं भावंड दिसलं तर अशुद्धी समजून परत कॉलमला नेऊ नकोस. एन-मिथाइल अमाइडं सिस आणि ट्रान्स अशा दोन रूपांत राहतात. द्रावक बदल, दोन्हींचं प्रमाण बदलतं. अशुद्धीचं प्रमाण असं बदलत नाही.

अमिनो आम्लं एल की डी, हे सगळ्यात शेवटी, कारण इथे माल परत मिळत नाही. ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम बाजूला काढ. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, बंद नळी, ११० अंश, १६ तास. वाळव, एल आणि डी वेगळे दाखवणारं मार्फीचं अभिकर्मक आणि सोडियम बायकार्बोनेट, ४० अंशांना तासभर, आम्लाने थांबव, ३४० नॅनोमीटरला बघ. ट्रिप्टोफॅन या आम्लात टिकत नाही. थायाझोलच्या कड्यात अडकलेलं अमिनो आम्ल असंच सुटत नाही, आधी ओझोनने कडं फोडावं लागतं. आयसोल्युसिन आणि ॲलो-आयसोल्युसिन साध्या सी-१८ वर चिकटून येतात, त्यासाठी कायरल कॉलमची सोय बघ. हा भाग आळसाने उरकलेले कितीतरी रेणू पुढे कुणीतरी कृत्रिमरीत्या बनवल्यावर चुकीचे ठरले आहेत.

तिसऱ्या वाट्याचं, जिवंत पुंजक्याचं, विसरलेलो नाही. समुद्रपाण्यात बनवलेलं बीजी-११ पोषणद्रव, २७-२८ अंश, १६ तास उजेड. उजेड मंद हवा, १० ते ३० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. जास्त झाला की तंतू पिवळे पडतात आणि लोक खत वाढवतात, जे आणखी चुकीचं. फॉस्फेट समुद्रपाण्याबरोबर ऑटोक्लेव्ह केलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा गाळ बसतो, दोन्ही वेगळं तापवून थंड झाल्यावर मिसळ. डायटम हे सूक्ष्म शैवाल वरचढ झालं तर जर्मेनियम डायऑक्साइड, लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम. शुद्ध करायला आगरच्या प्लेटवर तंतूंची सरकण्याची ताकद वापर: एका टोकाला तंतू ठेव, दुसऱ्या टोकाला उजेड. तंतू उजेडाकडे सरकत जातात आणि बरेचसे सोबती मागे राहतात. पुढचं टोक कापून नव्या प्लेटवर. महिने लागतात, घाई चालत नाही. दर पिढीला अर्काची छोटी चाचणी वस्तुमानावर कर, कारण फ्लास्कमध्ये रमलेले जीव कधीकधी संयुग बनवणं सोडून देतात आणि ते वर्षाने लक्षात येतं.

जनुकांचा मार्ग मोहक आहे. मूरेनाच्या जनुकसंचाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असल्या संयुगांसाठी राखलेला आढळला आहे, अँटिस्मॅश हा प्रोग्राम तुला जनुकांचे ढीगभर समूह दाखवेल. पण क्युरॅसिनचा समूह ६४ हजार बेसजोड्यांचा, जमैकामाइडचा ५८ हजारांचा. परक्या जिवात तो उचलून बसवणं पीएचडीच्या पहिल्या वर्षाचं काम नव्हे. लिंग्बियाटॉक्सिनचा ११ हजारांचा समूह ई. कोलाय आणि ॲनाबिना ७१२० हा सायनोबॅक्टेरिया या दोन्हींत चालवला गेला आहे, सराव करायचा तर असल्या लहानावर कर.

'औषधी क्षमता' हा शब्द प्रबंधात किती जपून वापरावा, तेही सांगून ठेवतो. नॅनोमोलरला पेशी मरणं ही पहिली पायरी आहे, आणि ती विषाचीही पहिली पायरी असते. सायनोबॅक्टेरियातलंच ॲप्राटॉक्सिन ए पेशींवर अतिशय प्रखर, पण उंदरांतल्या गाठींवर त्याचा परिणाम तुटपुंजा निघाला. ते सेक-६१ या मार्गावर बसून प्रथिनांची वाहतूकच अडवतं, आणि ती वाहतूक निरोगी पेशीलाही लागते. याउलट लार्गाझोल बघ, २००८ मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोच्या सिम्प्लोकातून मिळालेलं. त्यातला थायोएस्टर पेशीत तुटतो, मोकळा थायोल एचडीएसी या एन्झाइमच्या जस्ताला पकडतो. इथे लक्ष्य माहीत आहे, रचनेतला कुठला गट काय करतो ते माहीत आहे, पुढच्या रसायनज्ञाला हात घालायला जागा आहे. तुझ्या संयुगाबद्दल निदान एवढं सांगता यावं: निरोगी पेशींवर आकडा किती, कुठल्या प्रथिनावर बसतं, रक्तद्रवात किती वेळ टिकतं, आणि रेणूचा कुठला कोपरा बदलला तरी काम चालतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण प्रतिपिंडाला बांधायचं तर दोरी कुठेतरी अडकवावी लागते. एमएमएईमध्ये टोकाला एकच मिथाइल ठेवून ती जागा केली होती. आणि दोरी बांधूनही ट्युब्युलिनवाल्या औषधांची जुनी खोड सुटली नाही: हातापायांच्या मज्जातंतूंना बधिरपणा येतोच.

भेटायला येशील तेव्हा वही आण. प्रत्येक बाटलीची रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही वजनं त्यात हवीत, रिकामं वजन तीनदा घेतलेलं. लेबल आधी चिकटव, मग तोल. नंतर चिकटवलेल्या एका लेबलाचं वजन तुझ्या सगळ्या संयुगापेक्षा जास्त भरतं.